पेठचा पाऊस कोठे जातो?

(पेठ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढात पेठ तालुक्यात पाऊस उतरला की समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. भातखाचरे भरून वाहू लागतात, ओहोळ फुगतात, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाणे कठीण होते. याच तालुक्यात चैत्र-वैशाखात बाया पहाटेपूर्वी हंडे घेऊन निघतात आणि आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये बोरीचीबारी या वस्तीतील स्त्रिया पाण्यासाठी विहिरीत उतरत असल्याची दृश्ये देशभर दाखविली गेली. शहरातील माणसांना त्यांचा धक्का बसला. पेठच्या माणसाला त्यात नवीन असे काही नव्हते. त्याची आजीही असेच पाणी भरत आली होती.

पेठ येथे वर्षाला सरासरी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यातील निफाड वा सिन्नर तालुक्यात याच्या पाव हिश्श्याच्या आसपास पडतो. म्हणजे जिथे पाऊस चौपट, तिथेच उन्हाळ्यात घसा कोरडा. असे का होते, हा प्रश्न विचारला की उत्तरे पुष्कळ मिळतात. कोणी दैवाला बोल लावतो, कोणी जंगलतोडीला, कोणी सरकारला, तर कोणी पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही असे म्हणतो. यांतील काही उत्तरांत तथ्याचा अंश आहे. परंतु कोणत्या उत्तरात किती तथ्य आहे हे ठरविण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे मोजणे, तुलना करणे व चुकलेले मत सोडून देण्याची तयारी ठेवणे. यालाच संशोधन म्हणतात. ते काचेच्या नळ्यांमागे बसलेल्या विद्वानांचेच काम आहे अशी समजूत झाल्यामुळे चळवळीने ते परक्यांच्या हाती सोपविले आहे.

पहिला हिशोब अगदी सोपा आहे. तीनशे माणसांचा एक पाडा घ्यावा. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले. त्या प्रमाणाने या पाड्याला वर्षाला सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल. आता एक हेक्टर जमिनीवर २००० मिलिमीटर पाऊस पडला तर तो होतो दोन कोटी लिटर. म्हणजे तीनशे माणसांच्या वर्षभराच्या घरगुती गरजेइतके पाणी केवळ तीस गुंठ्यांवरच्या पावसातून आकाशातून खाली येते. पाड्याच्या शिवारात असे तीस गुंठे किती आहेत, हे कार्यकर्त्याने स्वतःच मोजावे. हा हिशोब मांडला की दैव आणि अपुरा पाऊस ही दोन्ही उत्तरे गळून पडतात. पाणी मिळते, परंतु राहत नाही. मग प्रश्न उरतो तो असा, की ते जाते कोठे आणि का?

ढगांचा हिशोब

आधी ते येते कसे ते पाहिले पाहिजे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढू लागतात. वर चढणारी हवा प्रसरण पावते व थंड होते. बाष्पाने संपृक्त झालेल्या हवेचे तापमान दर किलोमीटरला सहा अंशांच्या आसपास घटते. थंड हवा तितके बाष्प धरून ठेवू शकत नाही, म्हणून ते पावसाच्या रूपाने उतरते. डोंगर ओलांडून तीच हवा पूर्वेकडे खाली सरकते तेव्हा पुन्हा तापते आणि कोरडी पडते. पेठ चढणीच्या बाजूला आहे, सिन्नर उतारापलीकडे आहे. दोन तालुक्यांच्या नशिबातला फरक हा हवेच्या या चढउतारातून आला आहे.

मोसमी वाऱ्यांचे हे शास्त्र दुष्काळांच्या छायेत वाढले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेत भीषण दुष्काळ सुरू झाला. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न त्या खात्यापुढे उभा राहिला. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी जुळवून पाहिल्या. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाब एकमेकांच्या उलट दिशेने हेलकावतो असे त्यांना आढळले. त्या हेलकाव्याचा संबंध पॅसिफिकच्या पाण्याच्या तापण्याशी, म्हणजे ज्याला आज एल निनो म्हणतात त्याच्याशी आहे, हे बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखविले. भुकेच्या प्रश्नाचा माग काढताना निसर्गाचे पृथ्वीव्यापी कोडे उलगडले. प्रश्न व्यवहाराचा असला म्हणून त्यातून निघणारे ज्ञान कमी प्रतीचे ठरत नाही.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात माणसे मरत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. पावसाचा अंदाज बिनचूक असता तरी ते धान्य भुकेल्यांच्या घरी पोहोचले असते असे म्हणता येणार नाही. निसर्ग समजणे ही एक गोष्ट, आणि त्या समजुतीचा लाभ कोणाला मिळावा हे ठरणे ही दुसरी. पहिली शास्त्राची, दुसरी राजकारणाची.

खडकाच्या पोटात

पेठचा पाऊस जमिनीवर पडला की त्याची गाठ काळ्या पाषाणाशी पडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. थरांवर थर चढत गेले. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग या थरांनी व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच होत.

प्रत्येक थराची घडण सारखी नसते. थराचा मधला व खालचा भाग सावकाश थिजल्यामुळे घट्ट असतो. त्यात पाणी शिरते ते केवळ भेगांतून. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, त्यांत पुढे पांढरी खनिजे भरतात. विहीर खणणारे लोक यालाच मांजऱ्या खडक म्हणतात. हा खडक लवकर झिजतो, भुसभुशीत होतो आणि पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. काही ठिकाणी उभ्या भेगांत लाव्हा घुसून थिजल्याने जमिनीखाली जणू भिंती उभ्या राहिल्या आहेत. त्या कधी पाणी अडवितात, तर कधी स्वतःच्या भेगांतून वाहून नेतात. म्हणून एका शेतात विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडे साठ फूट खणूनही कोरडा दगड लागतो.

या खडकाची साठवण मुळातच तोकडी आहे. नदीच्या वाळूच्या गाळात भरलेल्या दर शंभर भागांतून बारा ते वीस भाग पाणी विहिरीला मिळू शकते. झिजलेल्या, भेगाळ काळ्या खडकात हेच प्रमाण एक ते तीन भाग इतके पडते. त्यात पेठचा प्रदेश तीव्र उताराचा. पाऊस मुरून खाली गेला की घट्ट थराशी अडतो, त्या थरावरून आडवा सरकतो आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडला असेल तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. झऱ्यातून ओहोळात, ओहोळातून दमणगंगेत वा पारेत, आणि तेथून अरबी समुद्रात. चार महिने डोंगर भरतो आणि पुढचे काही महिने सतत पाझरतो. फाल्गुनापर्यंत तो पुष्कळसा रिकामा झालेला असतो. वैशाखातल्या टंचाईची मुळे या खडकाच्या घडणीत आहेत.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे उपायांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली आणि पुढे गावोगाव विंधन विहिरी झाल्या. त्यांनी कित्येक गावांना पाणी दिले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पेठसारख्या डोंगराळ मुलखात पाणी धरणारा थर पातळ असतो व तो बहुधा वरच्या भागातच असतो. त्याखाली तीनशे फूट छिद्र पाडून घट्ट पाषाणच लागण्याची शक्यता मोठी. आणि पाणी लागलेच, तर ते ज्या थरातून झऱ्याला मिळत होते त्याच थरातले असू शकते. एका मळ्याची बोअर चालू झाली आणि खालच्या पाड्याचा झरा दोन महिने आधी आटला, तर तो योगायोग असेलच असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने बंदी घातली ती याच समजुतीतून. कायद्यामागचे शास्त्र ठाऊक असलेला कार्यकर्ता तो कायदा अधिक जोराने मागू शकतो.

झऱ्याचे मूळ

झऱ्याला पाणी देणारी जमीन झऱ्याच्या नेमकी वर असेलच असा नियम नाही. थर ज्या बाजूला कललेले असतील, भेगा ज्या दिशेने धावत असतील, त्यावर ते अवलंबून असते. डोंगराच्या या कुशीतला झरा पलीकडच्या उतारावर मुरणाऱ्या पावसावर जगत असणे अगदी संभवनीय आहे. अशा वेळी या बाजूला कितीही चर खणले तरी या झऱ्याला थेंब मिळत नाही. मृद्‌संधारणाची पुष्कळ कामे झाली, मजुरी वाटली गेली, आणि झरा मात्र पूर्वीसारखाच आटत राहिला, असे घडते त्याचे एक कारण हेच की चर कोठे खणावेत हे उताराचा अंदाज घेऊन ठरविले जाते. खालच्या खडकाला कोणी विचारीत नाही.

हे मूळ शोधण्याच्या रीती आज उपलब्ध आहेत. भूशास्त्राचा जाणकार डोंगर फिरून थरांचा कल, भेगा आणि ओल यांचा नकाशा काढू शकतो. पुण्यातील अॅक्वाडॅम ही भूजलाचा अभ्यास करणारी संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. तिने अनेक ठिकाणी हे काम केले असून गावातील तरुणांना ते शिकविलेही आहे. २००८ पासून सिक्कीम सरकारने आटत चाललेले झरे पुन्हा वाहते करण्याचा ‘धारा विकास’ कार्यक्रम घेतला, त्यात या विद्येचा उपयोग झाला. दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. पाण्यातील प्राणवायूचे काही अणू इतरांपेक्षा किंचित जड असतात. ढग डोंगरावर चढताना जड अणूंचे पाणी आधी बरसते, म्हणून जितक्या उंचीवर पाऊस पडतो तितके त्यातील जड अणूंचे प्रमाण कमी असते. झऱ्याच्या पाण्यातील हे प्रमाण मोजले की तो कोणत्या उंचीवर मुरलेल्या पावसाचा आहे याचा अंदाज येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात या रीतीने झऱ्यांची पुनर्भरणाची जागा शोधली आणि तेथे पाणी मुरविण्याची कामे झाली. अणुविद्या म्हटले की बॉम्ब डोळ्यांपुढे येतो. तीच विद्या डोंगरातील बायांचा हंडाही भरू शकते.

आता या शास्त्राच्या शेजारी पानाड्याला उभे करून पाहू. हातात नारळ किंवा फांदी धरून तो शेतात फिरतो आणि जागा दाखवितो. त्याची ख्याती असते, कारण पाणी लागलेल्या विहिरी लोकांच्या स्मरणात राहतात. मुरमाच्या थरात पावसाळ्यानंतर थोडेबहुत पाणी कोठेही लागू शकते, हे त्याच्या यशाचे अर्धे रहस्य. आणि कोरड्या गेलेल्या विहिरी कोणी मोजीत नाही, हे उरलेले अर्धे. भूशास्त्राचा जाणकारही चुकतो. परंतु तो फसलेली विहीर वहीत मांडतो आणि पुढच्या वेळी त्या चुकीचा हिशोब धरतो. १९७६ मध्ये घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत वैज्ञानिक दृष्टी वाढविण्याचे कर्तव्य आहे. पानाड्याची टवाळी करून ते पार पडत नाही. गावातल्या दहा विहिरी कोणाच्या सांगण्यावरून खणल्या आणि त्यांतल्या किती कोरड्या निघाल्या, याची यादी ग्रामसभेत वाचून दाखविली, तर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांपेक्षा अधिक होईल.

लोकांचे शहाणपण आणि त्याची परीक्षा

याचा अर्थ लोकांना काही कळत नाही असा कोणी घेऊ नये. पेठच्या शेतकऱ्याची राब भाजण्याची रीत पाहावी. भात, नागली, वरई यांची रोपे तयार करण्यापूर्वी तो त्या तुकड्यावर डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून पेटवितो. इंग्रजी अमलात वनखात्याचा या रीतीवर रोष होता. झाडांच्या फांद्या व्यर्थ जाळणारा अडाणी शेतकरी अशी त्याची संभावना होई. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान, ज्यांनी पुढे दख्खनच्या खेड्यांतील जमीन आणि श्रम यांचा प्रसिद्ध अभ्यास केला, त्यांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह राबाची तपासणी केली आणि ती १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. राबाचा गुण राखेपुरताच नाही, जमीन तापण्याचाही त्यात वाटा आहे, असे त्यातून दिसून आले. तणाचे बी मरते, रोप जोमाने येते. शेतकरी अडाणी नव्हता.

तथापि शहाणपण सिद्ध झाले म्हणून ते कायमचे अंतिमही ठरत नाही. राबासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, ओझी वाहावी लागतात, आणि ती ओझी बहुधा बायांच्या डोक्यावर असतात. पुढे डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातील भातशेतीसाठी चारसूत्री पद्धत मांडली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत वापरणे, गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडणे, ठरावीक अंतरावर लावणी करणे आणि खताच्या गोळ्या चिखलात खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. यात राखेचे महत्त्व मान्य केलेले आहे. परंतु डहाळ्या जाळण्याची गरज कमी होते आणि खत वाहून जात नाही. लोकांच्या रीतीची आधी परीक्षा, मग तिच्यातला गुण राखून दोष दूर करणे, असा हा क्रम आहे. लोकज्ञानाची पूजा करणे आणि त्याची हेटाळणी करणे, या दोन्हींत परीक्षा टाळलेली असते.

प्रश्न कोणाचा?

येथे मूळ मुद्दा येतो. पेठ परिसरातील पाण्याचे मोजमाप झालेले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल २०१४ मध्ये पूर्ण केला. दमणगंगेवर भुगड येथे आणि तिला मिळणाऱ्या वाघ नदीवर खारगीहिल येथे धरणे बांधून, बोगद्यांतून वर्षाला साडेपाचशे दशलक्ष घनमीटरांहून अधिक पाणी मुंबईकडे वळविण्याची ती योजना. नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी येते, किती जमीन बुडेल, बोगदा कोणत्या खडकातून जाईल, या सर्वांचा अभ्यास झाला आहे. अभ्यास करणारे अभियंते आपल्या कामात निष्णात आहेत, आणि मुंबईच्या चाळीतील व झोपडपट्टीतील माणसालाही पाणी लागते हे खरे आहे.

परंतु याच डोंगरातील एखाद्या पाड्याच्या झऱ्यातून मार्च महिन्यात मिनिटाला किती लिटर पाणी येते, हे विचारले तर ती नोंद कोठे सापडेल? मोठ्या शहराला प्रश्न पडला तेव्हा विद्या, पैसा आणि यंत्रे डोंगरापर्यंत आली. पाड्याचा प्रश्न त्याच डोंगरात अनुत्तरित राहिला, कारण तो संशोधनाचा विषय आहे असे कोणी ठरविलेच नाही. शास्त्राच्या रीती निःपक्षपाती असतात. पण कोणता प्रश्न विचारायचा हे ठरविणारा समाज निःपक्षपाती नसतो. समाजवादी चळवळीचे शास्त्राशी नाते जोडायचे ते या ठिकाणी.

गडचिरोलीचा अनुभव येथे उपयोगी आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे काम सुरू केले तेव्हा आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्तातील आनुवंशिक दोषाची पाहणी केली होती. रोग तेथे होता, अभ्यासही नीट झाला होता. पण लोकांना ती आपली निकडीची गरज वाटलीच नाही. तो प्रश्न संशोधकांचा होता, लोकांचा नव्हता, असे डॉ. बंग यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्यांनी लोकांना विचारून विषय निवडले. बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना अक्षरओळख नसलेल्या दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधे साधन बनविले. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यास गावातीलच स्त्रियांना शिकविले. काम झालेल्या गावांची तुलना इतर गावांशी केली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. मोजणारा हात दाईचा असला म्हणून मोजमापाची किंमत कमी झाली नाही.

पाण्याच्या क्षेत्रातही महाराष्ट्राजवळ असे उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावच्या माळावर गेले. तेथे त्यांनी बांध घातले, पाणी अडविले, मुरविले. हे अभियंत्याचे काम झाले. पण अडविलेले पाणी कोणाचे, हा प्रश्नही त्यांनी त्याच गंभीरपणे हाती घेतला. पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणे न देता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर या हिशोबाने द्यायचे. भूमिहीनाचाही त्यावर हक्क. आणि उसाला पाणी नाही. पाणी पंचायतीचे हे नियम म्हणजे समतेचा आग्रह आणि पाण्याचा ताळेबंद यांचा संगम होता. थोडे पाणी पुष्कळांना पुरवायचे असेल तर ते किती आहे हे आधी ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक असूनही वाटपाचा न्याय नसेल, तर सर्वांत वर राहणारा किंवा मोठा पंप असणारा ते उचलून नेतो.

कार्यकर्त्याचे काम

मग पेठमध्ये काय करता येईल? सुरुवातीला लागणारी साधने प्रत्येक घरात आहेत. दहा लिटरची बादली, सेकंद दाखविणारे घड्याळ आणि एक वही. दिवाळीपासून मृगापर्यंत दर पंधरा दिवसांनी झऱ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहावे. बादली भरायला शंभर सेकंद लागले तर झरा क्षीण वाटतो. दहा हंडे ओळीत असलेल्या बाईला तर तो छळ वाटतो. पण त्याच धारेतून चोवीस तासांत ८६४० लिटर पाणी येते, आणि दर माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने ते दीडशेहून अधिक माणसांना पुरते. रात्रभर वाहून जाणारे पाणी झाकलेल्या टाकीत साठविले तर पहाटेची रांग मोडते. ही टाकी मागण्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा न्यायचा असेल, तर घोषणांबरोबर ती वहीही न्यावी. ‘पाणी नाही’ असे सांगणाऱ्या निवेदनाला कचेरीत एक ठरावीक उत्तर तयार असते. सहा महिन्यांचे आकडे मांडणाऱ्या निवेदनाला ते उत्तर पुरत नाही.

दुसरे काम झऱ्याचे मूळ शोधण्याचे. त्यासाठी महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना आणि भूजल यंत्रणेला पाड्यावर बोलवावे लागेल. पावसाळ्यात कोठल्या उतारावर पाणी जिरते, कोणता ओहोळ आधी सुटतो आणि कोणता झरा शेवटपर्यंत टिकतो, हे पाड्यावरच्या वृद्ध माणसांना ठाऊक असते. थर कोठे कलले आहेत हे भूशास्त्राला ठाऊक असते. दोघांना एकत्र डोंगर चढायला लावणे हे कार्यकर्त्याचे काम. जागा निश्चित झाली की रोजगार हमीच्या कामांतून चर तेथेच खणले जावेत, असा ग्रामसभेने आग्रह धरावा. ती जागा पुष्कळदा जंगलात असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनांच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे, आणि पेठ अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदाही तिच्या पाठीशी आहे. झऱ्याचे पाणलोट राखणे हा त्या अधिकाराचा अत्यंत रास्त उपयोग होय.

तिसरे काम अवघड आहे. ज्याच्या शेतात बोअर आहे आणि ज्याचा झरा आटतो, ते दोघे बहुधा एकाच गावचे, कधी एकाच भावकीतले असतात. वहीतील आकडे त्यांच्यातील भांडण मिटविणार नाहीत. कदाचित ते उघड्यावर आणतील. तेथे ग्रामसभेत बसून, सर्वांसमक्ष, पिण्याचे पाणी आधी आणि पीक नंतर हा नियम ठरवावा लागेल आणि तो पाळावा लागेल. नियम मोडणारा माणूस पक्षाचा असेल तर अधिकच कसोशीने पाळावा लागेल.

एवढे करून वैशाखातील टंचाई संपूर्ण नाहीशी होईल असे आश्वासन देणे शास्त्राला धरून होणार नाही. खडक तोच आहे, उतार तोच आहे, आणि शंभरात एक-दोन भागच पाणी धरणाऱ्या डोंगराकडून अमर्याद अपेक्षा करता येत नाही. परंतु जो झरा फाल्गुनात आटत होता तो वैशाखापर्यंत लांबला, तर त्या दोन महिन्यांत किती बायांचे किती तास वाचतील, हेही त्याच वहीत मांडता येईल. त्या तासांत मुलगी शाळेत जाईल, आई शेताच्या मजुरीचे भांडण लढायला येईल.

येत्या दिवाळीनंतर प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक झरा निवडावा आणि पहिली नोंद करावी. नोंद पाड्यावरच्याच एखाद्या मुलीच्या हाताने व्हावी, वही शाळेत राहावी, आणि मृग लागण्यापूर्वी ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. पुढचा कार्यक्रम कोणता घ्यायचा, हे त्या वाचनानंतर पाड्यानेच ठरवावे.